नेल्सवर्थच्या टेकडीवरील पाहुणे

हिवाळ्यातल्या शनिवारी सकाळी इंग्लंडमधील एखाद्या रेल्वेच्या डब्यात एकाच रंगाचे मफलर गळ्यात गुंडाळलेली दहावीस माणसे दिसली, की समजावे, कुठल्यातरी गावचा फुटबॉल संघ परगावी खेळायला निघाला आहे आणि मागोमाग गावही निघाले आहे. त्यांत गवंडी असतात, शिक्षक असतात, निवृत्तिवेतनावर जगणारे आजोबा असतात आणि त्यांचे बोट धरलेली नातवंडेही असतात. दोनतीनशे किलोमीटर जायचे, नव्वद मिनिटे थंडीत ओरडायचे, पुष्कळदा हरायचे आणि रात्री उशिरा घरी परतायचे, हा त्यांचा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अशा प्रवाशांची इंग्लंडमधील सर्व मैदानांशी ओळख असते. पण ग्लॉस्टरशायर परगण्यातील नेल्सवर्थ या गावी गेलेला माणूस परतल्यावर जितके बोलतो, तितके अन्य कोठून आल्यावर बोलत नाही.

गावाला रेल्वे नाही. एके काळी होती. तिची उतारूंची वाहतूक 1947 साली थांबली आणि आता त्या मार्गावरून लोक पायी व सायकलवरून जातात. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून स्ट्राउडला उतरायचे आणि तेथून दरीतल्या रस्त्याने सहा-सात किलोमीटर बसने जायचे. वाटेत ओढ्याकाठी जुन्या दगडी गिरण्या दिसतात. हा मुलूख लोकरीच्या कापडाचा. ब्रिटिश सैनिकांच्या लाल अंगरख्यांसाठी स्ट्राउडचे कापड प्रसिद्ध होते आणि ईस्ट इंडिया कंपनी या परगण्याची मोठी गिऱ्हाईक होती. मराठी दप्तरांत ‘सकलाद’ या नावाने जे विलायती कापड भेटते, ते याच जातीचे. कापडाच्या पेढीवर बसणाऱ्याने या दरीतून नुसते घाईघाईने जाऊ नये.

नेल्सवर्थची वस्ती जेमतेम सहा हजार. गावातून वर फॉरेस्ट ग्रीन या वाडीकडे दम काढणारी चढण आहे आणि ती संपल्यावर ‘द न्यू लॉन’ हे मैदान लागते. ‘फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स’ हा क्लब 1889 सालचा, हे मैदान मात्र 2006 मधले. प्रेक्षक मावतात सुमारे पाच हजार, म्हणजे जवळजवळ सगळे गाव.

परगावच्या समर्थकांची व्यवस्था इंग्लंडमधील वरच्या श्रेणींत बहुधा सारखीच असते. त्यांना तिकिटे आपापल्या क्लबाकडून मिळतात, त्यांचे प्रवेशद्वार निराळे, बसण्या-उभे राहण्याचा भाग निराळा आणि यजमानांच्या नि त्यांच्या मध्ये स्वयंसेवकांची रांग. मैदान दृष्टीस पडेल अशा जागी मद्य पिण्यास तेथील वरच्या श्रेणींच्या सामन्यांत 1985 च्या कायद्याने बंदी आहे. एकदा आत शिरले की खाणेपिणे जे काही मिळेल ते त्याच भागातल्या खिडकीवर. मध्यंतर पंधरा मिनिटांचे. त्या पंधरा मिनिटांत मांसाचे सारण भरलेला गरम पाय आणि गोमांसाच्या अर्काचे ‘बोव्हरिल’ हे पेय घेणे, हा तेथील फुटबॉलचा जणू कुळाचारच आहे.

नेल्सवर्थच्या खिडकीवर या दोहोंपैकी काहीही मिळत नाही. मांस नाही, मासे नाहीत, अंडे नाही, चीज नाही. चहा मिळतो, पण त्यातही गाईचे दूध नाही.

हे घडले डेल व्हिन्स या उद्योजकामुळे. पवनचक्क्यांची वीज विकणाऱ्या ‘इकोट्रिसिटी’ या कंपनीचे ते संस्थापक, राहणार स्ट्राउडचेच. अडचणीत आलेला हा क्लब त्यांनी 2010 साली हाती घेतला. जे आपण खात नाही ते आपल्या जागेत विकले जात आहे, हे त्यांना खटकले. प्रथम लाल मांस बंद झाले, पुढे एकेक पदार्थ वगळत 2015 साली सारे स्वयंपाकघर वनस्पतिजन्य झाले. खेळाडूंनाही क्लबात तेच अन्न. घरी त्यांनी काय खावे, यात क्लब पडत नाही.

आता परगावच्या माणसाच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. त्याने तिकिटाचे दाम मोजले आहेत, तो टेकडी चढून आला आहे, पाऊस पडतो आहे आणि शेजारी दुसरे दुकान नाही. अशा बांधल्या गिऱ्हाइकाला त्याच्या आवडीचा माल नाकारणे कितपत न्याय्य, हा त्याचा प्रश्न अगदीच गैर म्हणता येत नाही. तो उत्तरही आपल्या रीतीने देतो: मांसाची नावे गुंफलेली, यजमानांना चिडवणारी गाणी तारस्वरात म्हणतो. मात्र गाणे म्हणता म्हणता रांगेत उभाही राहतो. खिडकीवर त्याला कोणी उपदेश करत नाही. गरम पाय हातात येतो, पैसे दिले जातात, पुढचा माणूस सरकतो. दुकानदाराने आपला निश्चय मालातून दाखवावा आणि जिभेने गप्प राहावे, ही रीत कुठल्याही पेढीला शोभणारी आहे. श्रावकाचारात दंतवाणिज्य, लाक्षावाणिज्य, विषवाणिज्य असे वर्ज्य व्यापार सांगितले आहेत. नफ्याचा माल असूनही तो न ठेवण्याची अडचण आपल्या वडीलधाऱ्यांनीही सोसली आहे.

तरी जैन कुटुंबाने फार हुरळून जाऊ नये. तेथील नामांकित ‘क्यू-पाय’मध्ये क्वॉर्न असते, म्हणजे बुरशीपासून केलेले प्रथिन, आणि लीक, म्हणजे कांद्याचाच चुलतभाऊ. सोबत बटाट्याच्या चिप्स. व्हीगन आणि जैन यांच्या वाटा बराच वेळ शेजारून चालतात आणि नेमक्या ताटापाशी फुटतात. शिदोरी गावातच संपवून मग चढण चढावी, हे बरे.

हिरवळीकडे मात्र दोघांनीही पाहावे. तीवर रासायनिक खत नाही, कीटकनाशक नाही. समुद्रशेवाळाच्या अर्कावर ती पोसली जाते. स्टँडच्या छपरावर सौरपट्ट्या आहेत, गवत कापायला विजेवरचे स्वयंचलित यंत्र आहे आणि पावसाचे पाणी साठवून हिरवळीला दिले जाते.

गाजर खाऊन गोल होत नाहीत, अशी थट्टा या क्लबाची पुष्कळ झाली. पण 2017 च्या मे महिन्यात वेम्बली येथे ट्रॅनमीअर रोव्हर्सला 3–1 असे हरवून तो प्रथमच फुटबॉल लीगमध्ये गेला. एवढ्या लहान गावचा क्लब लीगमध्ये तोवर कधी आला नव्हता. 2022 साली चौथ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून तो आणखी एक पायरी वर चढला. मग घसरण लागली: 2023 मध्ये एक श्रेणी खाली आणि 2024 मध्ये थेट लीगच्या बाहेर. जेवण चढताना तेच होते आणि उतरतानाही तेच. ताळेबंद पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की खालच्या श्रेणींतील बहुतेक इंग्लिश क्लब तोट्यात चालतात आणि मालकाच्या खिशावर तगतात. हाही त्याला अपवाद नाही.

झाहा हदीद यांच्या वास्तुसंस्थेने या क्लबासाठी संपूर्ण लाकडी स्टेडियमचा आराखडा केला असून, त्यास 2019 च्या डिसेंबरात स्थानिक परवानगी मिळाली. ते उभे राहीपर्यंत पाहुण्यांना हीच टेकडी आहे.

पावणेपाच-पाचच्या सुमारास सामना संपतो. हिवाळ्यात तोवर अंधार पडलेला असतो. परगावची माणसे उतार उतरू लागतात, कोणी निकालावरून हुज्जत घालतो, कोणी स्ट्राउडची बस किती वाजता आहे ते विचारतो. लहान नातवाला भूक लागलेली असते. आजोबा खिशातून कागदात गुंडाळलेला उरलेला अर्धा पाय काढतात, आत काय आहे ते न सांगता त्याच्या हातावर ठेवतात, आणि तो चालता चालता खाऊ लागतो.