राख, चोथा, नवसागर

चिंचेचा कोळ काढून उरलेला चोथा. आमटीची चिंच पिळून झाली की शिरा आणि टरफलं मोरीच्या कठड्यावर एका फुटक्या वाटीत साठायची. चिंचेतलं आम्ल तांब्यावरचा काळा थर विरघळवतं, मीठ त्याला जोर देतं, आणि शिरांमुळे वेगळी घासणी लागत नाही. आता कोळ बाटलीतून येतो. चोथा कारखान्यातच राहतो.

गोवऱ्यांची राख, कापडातून चाळलेली. आधी चोथा, मग राख; हा क्रम मोडायचा नाही. चोथ्यानं डाग सुटतात, राख उरलेलं आम्ल मारते. पितळेवर चिंच जास्त वेळ राहिली तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं, तांबं मागे उरतं आणि पिवळंधमक भांडं तांबूस दिसू लागतं. म्हणून पितळ हातासरशी धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. हे कुणी शिकवत नसे, शेजारी बसून कळायचं. घरात गॅस आला आणि राख संपली. मग विटेची पूड, रांगोळी, आणि शेवटी पुड्यातली पितांबरी. सणाच्या आदल्या दिवशी मोरीशी उकिडवं बसून बायकांच्या कमरेचे जे हाल व्हायचे ते पाहिलेल्या माणसानं त्या पुड्याला नावं ठेवू नयेत. मी ठेवत नाही.

काथ्या. नारळ सोलला की शेंडी वळचणीला खोचून ठेवायची.

बंबाची तोटी. तळाची काजळी कधीच निघत नसे, पण तोटी रोज हाताळून आपोआप चकचकीत राहायची.

झोपाळ्याच्या पितळी कड्या. मधेमधे मोर, हत्ती, पोपट. दोन कड्या जिथे एकमेकींवर घासतात तिथे लखलखीत, बाकी सगळं काळपट. मोराच्या मानेखाली बोट जात नाही. तिथे चिंचेत भिजवलेली सुतळी ओवून दोन्ही टोकांनी मागेपुढे ओढायची.

चांदीला राख चालत नाही, ओरखडे पडतात. ती काळवंडते हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तिला रिठ्याचं पाणी, खडूची वस्त्रगाळ पूड आणि जुन्या धोतराचा मऊ तुकडा. धोतरही आता घरात नाही. देव्हाऱ्यातले टाक मात्र कितीही जपून पुसले तरी झिजतात. पत्रा पातळ, त्यावर ठोकून उठवलेली मूर्ती. पिढ्यान् पिढ्यांच्या बोटांनी आधी नाक जातं, मग डोळे, आणि पुढे खंडोबा कोणता आणि देवी कोणती हे घरातल्या थोरल्या बाईलाच माहीत असतं.

कल्हई. याबद्दल मात्र नीट सांगायला हवं, कारण पितळेची बाहेरची झळाळी दिसण्यासाठी असते आणि आतली कल्हई जगण्यासाठी. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक किंवा आंबट वरण राहिलं की ते कळकतं. हिरवट होतं, जिभेला कसंतरी लागतं, पोटात गेलं तर बाधतं. कल्हईवाला अंगणात खड्डा करायचा, भात्याचं तोंड मातीनं लिंपून बसवायचा, कोळसे फुलवायचा. भांडं पुरेसं तापलं की नवसागराची चिमूट. पांढरा धूर, नाकाला झोंबणारा. नवसागरानं धातूवरचा गंज सुटतो, त्याशिवाय कथील धरत नाही. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे ते तिथल्या तिथे पाणी होतं, आणि कापसाच्या बोळ्यानं तो ते एका फेरीत सगळीकडे पसरवायचा. लगेच पाण्यात बुडवायचं. चर्र. त्या एका फेरीत हात थबकला तर भांडं पुन्हा तापवावं लागे. कथलात शिसं मिसळलं तर घात, म्हणून कल्हईवाला ओळखीचाच लागायचा. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर मठारकाम करणारे हात अजून आहेत. अंगणात खड्डा करून बसणारा हात मात्र शोधावा लागतो. मुळात अंगणच शोधावं लागतं.

भांड्यांवरची नावं. दुकानात बसलेला माणूस लहानशी छिन्नी आणि हातोडी घेऊन टिंबाटिंबांनी कोरायचा: कुणाला, कुणाकडून, कोणत्या निमित्तानं, कोणत्या साली. चिंच आणि राखेनं आधी काना-मात्रा पुसट होतात, मग आडनाव. ज्या बाईला तो हंडा मिळाला तिच्या माहेरची दुसरी लेखी नोंद बहुतेक घरांत नसते, आणि ती नोंद दर सणाला तिच्याच हातानं घासली जायची. आता असे हंडे मोडीत जातात. तराजूवर नावाला वजन नाही. घालणारच असाल तर आधी ते नाव वहीत उतरवून घ्या. तिरपा उजेड पाडला की पुसट टिंबंही वाचता येतात.

नवी समई लॅकर चढवून येते. पुष्कळ दिवस घासावी लागत नाही. पण वातीच्या आचेनं तो थर एखाद्या ठिकाणी फुटतो, खाली ओल शिरते आणि डाग आत वाढत जातो. त्यावर चिंच, लिंबू, पितांबरी काही चालत नाही, कारण हात पितळेपर्यंत पोचतच नाही. आधी सगळं लॅकर काढावं लागतं.