रूपाचा अभंग

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. भजनात तुकोबारायांचे नाव आले की माझ्या डोळ्यांपुढे विष्णुपंत पागनीस उभे राहतात. प्रभातचा 'संत तुकाराम' चित्रपट १९३६ सालचा, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. पण त्यातला चेहराच माझ्या मनात तुकोबांचा होऊन बसला आहे. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले. तेही पुष्कळांना गाथेतलेच वाटत आले. चित्र आणि चाल एकत्र आली की ती अशी खोल रुजतात. यात मी दोष मानत नाही. मला गाथा उघडावीशी वाटली ती त्या चित्रपटामुळेच.

आता चित्र खिशात आले आहे. मोबाईलवर अभंग लागतो तो दृश्यांसकट.

माझ्या आईची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली आणि वारी सुटली. एका एकादशीला मी तिच्याजवळ मोबाईल ठेवून रूपाचा अभंग लावला आणि सवयीने स्वतः पडद्याकडे बघत बसलो. अभंग संपल्यावर तिने विचारले, "देवाच्या गळ्यातला हार कुठवर आला होता रे?"

मला सांगता येईना. मूर्ती, ढग, दिवे, गर्दी; ओळीगणिक दृश्य पालटत होते. सगळे पाहिले, पण हार पाहिलाच नव्हता.

"मला तर पायांपर्यंत दिसला," आई म्हणाली.

माउली, आपल्या भजनात आधी रूपाचा अभंग का म्हणतात, ते मला त्या दिवशी उमगले. देवाकडे काही मागण्याआधी त्याला डोळ्यांपुढे उभे करायचे: विटेवरचे समचरण, कमरेवरचे हात, कानांतली कुंडले. तेही चित्रच, पण ते गाणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने मिळून काढायचे असते. तयार चित्र समोर आले की आपले काम तेवढे राहून जाते.

मोबाईल टाकून द्या, असे मी म्हणणार नाही. दूरचे कीर्तन आईच्या खाटेपर्यंत त्यानेच आणले. फक्त रूपाचा अभंग सुरू झाला की तो पालथा ठेवा. आम्ही आता तसेच करतो. किंवा त्याहून सोपे सांगतो: टाळ घ्या. टाळाला दोन्ही हात लागतात. मोबाईल आपोआप खाली राहतो.