उरलेले तेवीस तास

बालगृहात पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, इथलं खरं काम समुपदेशकाच्या खोलीत चालत असणार. लोटलेलं दार, समोरासमोर दोन खुर्च्या, आणि आत एखादा पोरगा कधी कुणाला न सांगितलेलं सांगतोय. प्रत्यक्षात त्या खोलीत बरीचशी पोरं पंख्याकडे बघत बसतात. जे व्हायचं ते बाहेर होतं. खेळ थांबवून आत यायची शिट्टी वाजल्यावर, जेवणाच्या रांगेत शेजारच्याच्या ताटात भाजी जास्त दिसल्यावर, दिवे मालवायच्या आधीच्या त्या घालमेलीच्या अर्ध्या-पाऊण तासात. मी अशा एका घरात मुलांना वाचायला शिकवत असे. आज कुठल्या पोराचं बिनसणार हे तिथल्या काळजीवाहक काकांना सकाळी दात घासायच्या वेळीच कळायचं. "आज त्याला फळ्यापाशी बोलावू नका सर," असं ते दारातच सांगून ठेवत. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

१९६९ साली अमेरिकेत एक पुस्तक निघालं, त्याचं नावच 'उरलेले तेवीस तास' अशा अर्थाचं आहे. अल्बर्ट ट्रिशमन, जेम्स व्हिटेकर आणि लॅरी ब्रेंडट्रो हे त्याचे लेखक. ट्रिशमन मॅसॅच्युसेट्समधल्या नीडम गावी मनाने विस्कटलेल्या मुलग्यांचं एक निवासी घर चालवत, शाळाही तिथेच. त्यांचा हिशेब सरळ होता. डॉक्टर मुलाला दिवसातून फार तर एक तास देणार, मग बाकीच्या वेळेचं काय? म्हणून पुस्तकात सकाळी उठवण्यावर लिहिलंय, जेवणावर लिहिलंय, झोपेवर लिहिलंय. आणि संतापावर लिहिलंय ते तर वाचतच राहावं असं. संतापाच्या त्यांनी सहा पायऱ्या सांगितल्या. आधी नुसती धुसफुस, जिचं कारण पोरालाही ठाऊक नसतं. मग मुद्दाम एखादा नियम मोडणं, म्हणजे आपल्याला सावरा अशी हाकच. मग धमकी, 'हे करा नाहीतर बघा'. मग प्रत्येक गोष्टीला नाही. मग मला एकट्याला सोडा. आणि शेवटी, सगळं ओसरल्यावरची ती मलूल, ओशाळी वेळ.

या साऱ्या पायऱ्या मी एका रविवारी ओळीने पाहिल्या. तो भेटीचा दिवस होता. तेरा वर्षांचा एक मुलगा सकाळपासून फाटकाच्या बाजूच्या कट्ट्यावर बसून होता, आणि त्याच्याकडे कुणी आलं नाही. त्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. रात्री जेवताना म्हणाला, आमटी पाणचट आहे. मग शेजारच्याच्या पायावर पाय दिला. मग स्टीलचा पेला भिरकावला, तो खिडकीच्या तावदानातून आरपार गेला. काकांनी आवाज चढवला नाही. बाकीच्या मुलांना ताटं घेऊन व्हरांड्यात पाठवलं आणि स्वतः त्याच्यापासून चार हात अंतरावर जमिनीवर बसले. "घरी सोडा, नाहीतर डोकं आपटून घेतो!" काका बसूनच राहिले. पाणी हवं का? नाही. झोपायचंय? नाही. बाहेर जाऊया? नाही. "जावा ना तुम्ही हितनं!" काका थोडे मागे सरकले, भिंतीला टेकले, पण उठले नाहीत. बऱ्याच वेळाने पोराने गुडघ्यांत घातलेलं डोकं वर न करताच विचारलं, "भाकरी उरलीय का?"

दुसऱ्या दिवशी काचवाला आला, तेव्हा लांबीचा गोळा मळून द्यायचं काम काकांनी त्या पोरालाच दिलं. ना शिक्षा म्हणून, ना कौतुक म्हणून. काच फुटली होती, ती बसवायची होती. काकांनी ट्रिशमनचं नावही ऐकलेलं नव्हतं.

याच्याही खूप आधी, १९१८ साली, पहिलं महायुद्ध संपता संपता ऑगस्ट आइशहॉर्न नावाच्या शाळामास्तराने व्हिएन्नाच्या उत्तरेला ओबरहोलाब्रुन इथे निर्वासितांच्या जुन्या छावणीत वाट चुकलेल्या मुलांचं घर उघडलं. लाकडी बराकी होत्या. (आपल्याकडे तर मुंबईत उमरखाडीचं निरीक्षणगृह जुन्या डोंगरी तुरुंगाच्या वास्तूत आहे. टिळक-आगरकरांनी १८८२ साली एकशे एक दिवस काढले ते हेच ठिकाण. कैदी कोंडायला बांधलेल्या खोल्यांत मुलांना झोप कशी लागावी, हा प्रश्न मला नेहमी छळतो.) कुठल्याच गटात न सामावणारे बारा मुलगे आइशहॉर्नने एकत्र ठेवले आणि सोबतच्या माणसांना बजावलं की काहीही झालं तरी हात उगारायचा नाही. ही मुलं आजवर मार खाऊनच वाढली होती. आणखी एक थप्पड बसली तर जगाविषयीची त्यांची समजूत खरी ठरणार होती.

पुढे जे झालं ते आइशहॉर्नने झाकून ठेवलेलं नाही, म्हणून मला तो फार विश्वासाचा माणूस वाटतो. मुलं सुधारली नाहीत, आणखी बिघडली. काचा फुटल्या, दारं लाथांनी मोडली. जेवणाचं टेबल ओस पडलं. जो तो आपलं ताट घेऊन कोपऱ्यात उकिडवा बसून जेवू लागला. एकदा एका मुलाने दुसऱ्याच्या गळ्याला सुरी लावली, आणि आइशहॉर्न तिथेच शांत उभा होता. सुरी लावणाऱ्याने शेवटी ती जमिनीवर आपटली, पाय आपटले, गुरासारखा हंबरडा फोडला, आणि रडत रडत झोपी गेला. मोठी माणसं डगमगत नाहीत हे कळायला मुलांना बरेच दिवस लागले. मग मोडतोड हळूहळू थांबली, आणि तिच्या जागी रडू आलं. १९२५ साली आइशहॉर्नचं पुस्तक निघालं, त्याला प्रस्तावना फ्रॉइडची आहे.

ओबरहोलाब्रुनपासून शंभर वर्षं उलटल्यावर, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कालामाझू इथल्या अशाच एका निवासी संस्थेत सोळा वर्षांच्या मुलाने जेवणघरात सँडविच फेकलं. कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं, जवळजवळ बारा मिनिटं. दोन दिवसांनी रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. वैद्यकीय तपासणीत हा मनुष्यवधच ठरला. हेही जेवणघर होतं, हाही फेकाफेकीचा क्षण होता. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण हे टाळून या विषयावर काही लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं.

आणि सुंदर लिहिणाऱ्यांवरही आंधळा भरवसा ठेवू नये. शिकागोत अशा मुलांची निवासी शाळा चालवणाऱ्या ब्रुनो बेटलहाइमने १९५० सालच्या पुस्तकात मुलांचं जागं होणं, खाणं, अंघोळ, झोप यांवर अतिशय हळुवार लिहिलं. १९९० मध्ये तो वारला, त्यानंतर त्याच्या शाळेत वाढलेली काही मुलं पुढे येऊन म्हणाली की तो आम्हाला मारायचा. म्हणून अशा घराची पारख त्याच्या माहितीपत्रकावरून करू नये.

आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात एक कलम आहे, सत्त्याऐंशीवं. अठरा वर्षांखालच्या मुलाला मानसिक आरोग्य संस्थेत दाखल केलं, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने (म्हणजे सहसा पालकाने) किंवा त्या प्रतिनिधीने नेमलेल्या माणसाने दाखल असेपर्यंतचा सगळा काळ मुलासोबत तिथे राहिलंच पाहिजे. कायद्याची भाषा एरवी कोरडी असते, पण हे कलम लिहिणाऱ्याने कधीतरी जाग्या राहिलेल्या मुलाजवळ बसून रात्र काढली असावी असं मला वाटतं. पण रविवारी ज्याच्यासाठी फाटक उघडत नाही, त्याच्यासोबत कोण राहणार? त्याच्या वाट्याला काळजीवाहकच येतो, सगळ्यांत कमी पगाराचा.

शाळेचा प्रश्न यातून वेगळा काढता येत नाही. चौदा वर्षांच्या पोराला जोडाक्षर अडतं आणि दुसरीचं 'बालभारती' हातात धरायची लाज वाटते, तेव्हा तो पुस्तक फाडतो. आपण शेरा मारतो, 'उर्मट'. आम्ही मग क्रिकेटचं पान वाचायला घेतलं. 'फलंदाज', 'षटक' यांत त्याचा जीव होता. 'प्रशिक्षक' तो तीनदा अडखळून वाचायचा आणि चौथ्यांदा मोठ्याने. नॅशव्हिलमध्ये निकोलस हॉब्सने १९६२ मध्ये मुलांचं एक निवासी घर सुरू केलं, तिथे शिकवणारा आणि मुलांसोबत दिवस काढणारा माणूस एकच असे. त्याचा आग्रह होता की मुलाला रोज थोडा तरी आनंद मिळावा आणि उद्याच्या एखाद्या गोष्टीची त्याला ओढ असावी. इतकी साधी गोष्ट उपचाराच्या तत्त्वांत लिहून ठेवावी लागली, याचं मला वाईटही वाटतं आणि बरंही वाटतं.

पण असं घर टिकावंही लागतं. फ्रिट्झ रेडलने १९४६ मध्ये डेट्रॉइटला अशाच मोजक्या मुलग्यांसाठी एक घर काढलं होतं. ते १९४८ मध्ये पैशांअभावी बंद पडलं. मुलं नुकती कुठे विश्वास टाकायला लागली होती, आणि घरच निघून गेलं.

म्हणून पाहणी समितीची माणसं येतात तेव्हा त्यांनी रंगवलेल्या भिंती आणि संगणकाची खोली बघून परत जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. त्यांनी रात्री दहाला यावं. रात्रपाळीला कोण आहे ते विचारावं. तो इथे किती वर्षं आहे, पगार वेळेवर मिळतो का, पोराने पेला फेकला तर काय करायचं हे त्याला कुणी शिकवलंय का, आणि अंथरूण ओलं करणारा मुलगा कोणता हे त्याला चारचौघांत न सांगता ठाऊक आहे का, तेही विचारावं. उत्तरं टिपून घ्यावीत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा येऊन तोच माणूस तिथे आहे का ते बघावं.