भिंतीतलं पाणी

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादकांनी विषय मोकळा ठेवला होता. घराचं नूतनीकरण, आतली-बाहेरची सजावट, वाचकांना आपल्या घरी करून बघता येईल असं काहीतरी. रंगसंगतीवर थोडं, छोट्या स्वयंपाकघरावर थोडं. मी हो म्हटलं आणि लिहायला बसले, तर दर वेळी लेख पुण्याजवळच्या भूगावच्या गावठाणातल्या एका भिंतीपाशी येऊन अडू लागला. शेवटी ठरवलं, की त्या भिंतीबद्दलच लिहायचं. रंगाचं नंतर बघू.

मी आर्किटेक्ट आहे. नवी घरं बांधण्यापेक्षा असलेली घरं दुरुस्त करण्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. त्या घरी मला बोलावलं होतं टीव्हीच्या भिंतीचं डिझाइन करायला. घर जुनं, दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे ओसरी. मुलगा हिंजवडीला नोकरीला, त्याचं लग्न ठरलेलं, म्हणून घर नवं करायचं. हे पहिलंच नूतनीकरण नव्हतं. आधी भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा झाला होता. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. मग ओल दिसायला लागली, म्हणून आतून तीन फुटांपर्यंत टाइल्स. मग ओल टाइल्सच्या वर डोकवायला लागली, म्हणून तिच्यावर पीव्हीसीचं पॅनेल. आता त्या पॅनेलच्याही वरच्या कडेला पुट्टी फुगून पापुद्रे सुटत होते आणि तिथे टीव्हीमागे वॉलपेपर लावावा, असा मुलाचा विचार होता.

मी गिलाव्यावर हातोडीच्या दांड्याने ठोकत गेले. जमिनीपासून छातीपर्यंत सगळीकडे पोकळ वाजलं. एका कोपऱ्यात पॅनेल काढून, टाइल उचकटून गिलाव्याची खपली पाडली. खपलीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या सुयांसारखा लोणा दाट जमला होता, आणि मागच्या दरजांमधली माती इतकी ओली, की बोटाने उकरता येत होती. एप्रिलचा महिना होता. बाहेर ऊन रणरणत होतं आणि भिंतीच्या पोटात पावसाळा तसाच होता.

आजी ओसरीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, आत्याबाई होत्या तवर ह्या भिंतीला आम्ही नुसतं शेणामातीनं सारवायचो. तवा कुठं ओल हुती?”

घरातले त्यांना गप्प बसवू लागले, पण आजींचं निरीक्षण शास्त्राला धरून होतं. पणतीच्या वातीत तेल चढतं, तसं जमिनीतलं पाणी भिंतीतल्या बारीक छिद्रांमधून वर चढतं. हे दगड-मातीच्या प्रत्येक भिंतीत होतं, तेव्हाही होत होतं. फरक इतकाच, की सारवलेल्या भिंतीतून ते पाणी फूट-दीड फुटावरच वाफ होऊन निघून जायचं. जेवढं खालून चढे, तेवढं वरून उडे. हिशेब जुळलेला होता. सिमेंटच्या गिलाव्याने ती वाट बुजवली. टाइलने तर पक्कीच बंद केली. व्हिट्रिफाइड टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, हाच तर तिचा गुण. वाट मिळाली नाही की पाणी वाट मिळेपर्यंत वर चढतं. आपण जितका उंच लेप लावू, तितकी उंच ओल. सोबत मातीतले क्षार येतात, गिलाव्यामागे त्यांचे स्फटिक होतात, ते फुगतात आणि गिलावा भिंतीपासून सुटतो.

इथे मला थोडं तांत्रिक व्हावंच लागेल, कारण याच मुद्द्यावर माझं माझ्या व्यवसायातल्या अनेकांशी जमत नाही. “सिमेंट मजबूत, चुना कच्चा” हे वाक्य मी ठेकेदारांकडून ऐकते, घरमालकांकडून ऐकते आणि पदवीधर इंजिनिअरांकडूनही ऐकते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये १८२४ साली झालं. शनिवारवाडा १७३२ सालचा. त्याआधीची कित्येक देवळं, बारवा, पूल चुन्यात उभे राहिले. चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवायचा, मुरू द्यायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. भिंतीवर चढल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा चुनखडीच होतो. या प्रवासाला महिने लागतात, कधी वर्षं. जिथे सतत पाणी, तिथे विटांची पूड म्हणजे सुरखी घालायची. मग तो ओल्यातही धरतो. गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालायची रीत होती, तीही चिकटपणा आणि काम करायला सोपं जावं म्हणून. त्यात कोणतंही गूढ नाही.

चुन्याचा गिलावा सिमेंटपेक्षा मऊ असतो, हे खरं. पण मातीत रचलेल्या भिंतीला मऊच गिलावा हवा. बाहेरचा थर आतल्या भिंतीपेक्षा कडक झाला, की भिंत थोडी हलली, तापली, निवली तरी तडा त्या थराला जातो. तड्यातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि मग बाहेर पडू शकत नाही. दुबळा थर वर आणि सबळ भिंत मागे, म्हणजे झीज झाली तर थराची होते, आणि तो दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा लावता येतो. सिमेंटशी माझं वैर नाही. आरसीसीच्या खांबाला, तुळईला, स्लॅबला त्याच्याशिवाय पर्याय नाही, आणि मी ते रोज वापरते. पण जे काँक्रीटच्या घराला लागू, तेच औषध मातीच्या घराला देणं मला अजूनही पटत नाही. दुकानात मिळणारी जुनी, हवा लागून मेलेली चुन्याची भुकटी पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवून “हेरिटेज फिनिश” म्हणून विकतात, तेही पटत नाही. त्याने चुना बदनाम होतो. खरा चुना लावणारे गवंडी आता शोधावे लागतात, हे दुखणं वेगळंच.

त्या घराला मी काय सांगितलं? टाइल्स, पॅनेल, गिलावा सगळं उतरवा. घराभोवती ज्या फरशा घातल्या आहेत, त्या जोत्याला टेकून घराकडेच उतरतात. त्या काढून उतार उलटा करा, भोवती चर काढा, पागोळ्यांचं पाणी त्या चरातून लांब न्या. मग भिंत वाळू द्या. जाड भिंतीला इंचामागे साधारण महिना, असा आमचा ढोबळ अंदाज असतो. नंतर दरजा भरून चुन्याचा गिलावा. हे ऐकताना सगळ्यांचे चेहरे उतरले. लग्न पुढच्या मोसमात, आणि घर इतका काळ उघडं ठेवायचं? “मॅडम, एखादं केमिकल नाही का?” आहेत, पुष्कळ आहेत. गळणाऱ्या टाकीला, स्लॅबला ती कामाची आहेत. पण खालून चढणाऱ्या पाण्यावर आतल्या तोंडाने मारलेला कोणताही लेप म्हणजे ती टाइलच, फक्त डब्यातली.

ओलीबाबत आमचं निम्म्यापर्यंत एकमत झालं. मोडलं ते वरच्या मजल्यावर. कौलं काढून याच भिंतींवर स्लॅब टाकायचा आणि वर दोन खोल्या काढायच्या, असा त्यांचा बेत होता. ठेकेदाराने “दोन फुटी भिंत आहे, हत्ती उभा राहील” असं सांगितलं होतं. दोन फुटी भिंत प्रत्यक्षात दोन भिंती असतात, आतल्या तोंडाची आणि बाहेरच्या तोंडाची, मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही तोंडांना पकडून ठेवणारे लांब दगड जागोजागी घातलेले नसतील, तर हादऱ्याने त्या एकमेकींपासून फुटून बाहेर पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हेच झालं. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. माणसं आपल्याच घराखाली गेली. त्या वेळच्या नकाशात तो भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात होता. आपल्याकडे तर १९६७ चा कोयनेचा धक्का पुण्यापर्यंत सगळ्यांना जाणवला होता. ओल्या मातीच्या दरजांवर काँक्रीटचा स्लॅब ठेवायला मी नकार दिला. वेगळे खांब, वेगळा पाया घेऊन जुन्या भिंतींना भार न देता वर जाता येईल, असा आराखडा करून दिला. खर्च वाढत होता. पुढे फोन आला नाही. पावसाळ्यात त्या बाजूने जाताना कौलं अजून जागेवर दिसली, आता काय ठरलंय कळत नाही. हे प्रकरण माझ्या मनातून जात नाही, ते यामुळे.

भूगावला ओलीचा हा प्रश्न नव्या घरांतही आहे, फक्त कपडे वेगळे. चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागलं, की बावधन, भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पुढे ताम्हिणी. पुणे शहरात वर्षाला साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस. याच रस्त्याने ताम्हिणीत पोचलं, की तो अनेक हजारांवर जातो. भूगाव या दोन टोकांच्या मध्ये. पुण्याहून राहायला आलेला माणूस पुण्याचा पाऊस मनात धरून घर घेतो. शिवाय मुळशी हा भाताचा, आंबेमोहराचा तालुका. जिथे बंगल्यांचे प्लॉट पडले, त्यातल्या कित्येक ठिकाणी काल-परवापर्यंत खाचरं होती, म्हणजे पाणी अडवण्यासाठीच घडवलेली जमीन. बांध गेले, नाव बदललं, पण पाण्याला ती जागा ठाऊक आहे. अशा प्लॉटवर जोतं दोन फूट वर घ्यायचं सोडून लोक रस्त्याच्या पातळीला पोर्च आणतात, गाडी सहज आत यावी म्हणून.

आणि बाहेरची सजावट म्हणजे आता “एलिव्हेशन”. चौकोनी पेटी, सपाट माथा, वर कठडा, मोठ्या काचा, कुठेही छज्जा नाही. चित्रात हे फार सुंदर दिसतं, आणि कोरड्या मुलखात टिकतंही. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून, पश्चिमेकडून तिरपा येतो. त्याच भिंतीवर उरलेलं वर्ष दुपारचं ऊन. चार महिने भिजणं आणि आठ महिने भाजणं यात बाहेरच्या गिलाव्याला केसासारख्या भेगा जातात, आणि आत कपाटामागे बुरशी धरते. मग मालक म्हणतो, रंग निकृष्ट. रंगाचा दोष नसतो. या भागातल्या जुन्या घरांना भरपूर पुढे आलेली वळचण होती, ती उगाच नव्हे. माझ्याकडे कोणी पश्चिमेच्या भिंतीसाठी स्टोन क्लॅडिंग मागायला आलं, तर मी आधी खिडक्यांवर किमान दीड फुटाचा छज्जा काढते आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तुटायची खाच ठेवायला सांगते. बोटभर खाच असते. ती नसली, तर थेंब छज्ज्याच्या पोटाला चिकटून थेट खिडकीच्या चौकटीत येतो.

गच्चीचंही तेच. गळते म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घालतात. चार इंच ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस फुटाला सतरा-अठरा किलोच्या घरात जातं; पाचशे फुटांच्या गच्चीवर नऊ टनांच्या आसपास. स्लॅबने हे वजन कुठे मोजलं होतं? जुना थर काढा, उतार बघा, कठड्याच्या कोपऱ्यातला वाटा, म्हणजे गोलाई, नीट करा, पाणी साठवून तपासा.

सोसायट्यांमधल्या फ्लॅटविषयी एकच सांगते, कारण हॉल आणि स्वयंपाकघर एक करण्याची हौस सध्या जोरात आहे. अॅल्युमिनियमच्या साच्यात बांधलेल्या इमारतींत आतल्या कित्येक भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार त्याच वाहतात. ती भिंत तुमच्या घरात असली, तरी तुमची एकट्याची नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळून सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरणाचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांसाठी बिल्डरवर ताब्यापासून पाच वर्षांची जबाबदारी आहे. पण भिंत तुम्हीच फोडली असेल, तर ती जबाबदारी कोणावर टाकणार? स्ट्रक्चरल ड्रॉइंग सोसायटीकडे मागा. ते हातात येईपर्यंत ड्रिल मशीनही लावू नका.

संपादकांना कल्पना हव्या होत्या, म्हणून ही एक देते. दिवाळीच्या साफसफाईत कपाटं, सोफे भिंतीपासून सरकतातच. ते सरकवले, की ओलीचा डाग जिथपर्यंत आलाय, तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. तीच रेघ होळीला बघा, आणि मग ऐन जुलैत. डाग पावसात वाढून उन्हाळ्यात उतरत असेल, तर पाणी बहुधा बाहेरून येतंय. छज्जा, भेगा, गच्ची बघायची. जमिनीलगत बाराही महिने जवळपास तिथेच असेल, तर ते खालून चढतंय. आणि पावसाशी काहीच संबंध नसेल, तर वरच्यांच्या नाहणीचा ट्रॅप नाहीतर भिंतीतला पाइप. या तिन्हींचा इलाज वेगळा, खर्च वेगळा, कारागीरही वेगळा. रेघांचा फोटो घेऊन माझ्याकडे या, किंवा दुसऱ्या कोणाकडेही जा. तोवर त्या भिंतीला रंग लावू नका.