करंट कुठं अडतो

टेस्ट लॅम्प म्हणजे एक बल्ब, दोन वायरी, एका वायरीच्या टोकाला चिमटा आणि दुसरीच्या टोकाला सुई. दहावीनंतर हा मेकॅनिक पुण्यात नाना पेठेतल्या ज्या गॅरेजात कामाला लागला, तिथं वायरिंग तपासायला एवढंच साधन होतं. उस्ताद चिमटा चासीला लावत, सुई वायरीत टोचत आणि बल्ब लागला की म्हणत, "इथवर करंट आलाय. पुढं कुठं अडतो ते तू शोध." हे साधारण १९९०च्या आसपासचं. दारात येझदी, बुलेट, राजदूत, यामाहा आरएक्स १०० यांची रांग असायची. येझदी सहा व्होल्टची, त्यामुळे तिच्यावर बारा व्होल्टचा बल्ब मलूल लागायचा. तो किती मलूल आहे, यावरून बॅटरी उतरलीय की कुठल्या जोडात गंज धरलाय, हे ओळखायला तो तिथंच शिकला. बुलेटच्या हेडलाइटवरच्या टोपात अँपिअरमीटर असे. काटा डावीकडं झुकला की बॅटरी खर्च होतेय, उजवीकडं झुकला की भरतेय.

त्या गाड्यांचं वायरिंग डोळ्यांनी वाचता यायचं. पॉइंट झिजले तर दिसायचे, कंडेन्सर गेला तर पॉइंटवर ठिणगी फुटताना दिसायची. १९८५ साली आलेल्या आरएक्स १००नं यात पहिला फरक केला. तिच्यात पॉइंटच नव्हते. त्यांच्या जागी सीडीआयची काळी बंद इलेक्ट्रॉनिक डबी होती. आत काय बिघडलंय ते दिवा सांगू शकत नव्हता. मग दुसऱ्या गाडीची डबी काढून लावून बघायची आणि गाडी चालू झाली तर पहिली गेली असं म्हणायचं. ही पद्धत त्याला कधीच आवडली नाही. बदलून बघण्यात गाडी सुरू होते, पण ती का बंद पडली होती ते कळलेलं नसतं.

म्हणून पहिल्या साठवलेल्या पैशांतून त्यानं बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून मल्टीमीटर आणला. दिवा 'आहे' किंवा 'नाही' एवढंच बोलायचा. मीटर 'किती' ते बोलू लागला. पिकअप कॉइलचे ओहम, स्टेटरच्या तीन वायरींतल्या प्रत्येक जोडीला सारखा एसी येतो का, इंजिन वाढवल्यावर बॅटरीवर चौदा-साडेचौदा व्होल्ट दिसतात की व्होल्टेज आवरणारं आरआर युनिट बिघडून ते सोळाच्या वर चाललेत. बॅटरीच्या मायनस टोकापासून इंजिनापर्यंत स्टार्टर फिरत असताना किती व्होल्ट गळतात, हे मोजायची सवय त्याला तेव्हापासून लागली. अर्ध्या व्होल्टाची गळती दिसली की तो आधी अर्थिंगचा बोल्ट घासून घेतो, बाकीचं सगळं नंतर.

कावासाकीनं १९८०मध्येच झेड १००० गाडीला इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवलं होतं, बीएमडब्ल्यूनं १९८३मध्ये के १००ला. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांपर्यंत ते यायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. २००६मध्ये हिरो होंडाची ग्लॅमर एफआय आली, २००७मध्ये बजाजची पल्सर २२० डीटीएस-एफआय. पल्सरचं हे इंजेक्शन दोनच वर्षं टिकलं. २००९मध्ये तीच २२० कार्ब्युरेटर लावून परत आली. पण आधीच्या गाड्या रस्त्यावर राहिल्या, आणि त्यांच्यासोबत गाडीच्या मीटरवरचा, बिघाड सांगणारा एक पिवळा दिवा गॅरेजात शिरला. आजवर दिवा मेकॅनिकच्या हातात होता. आता तो गाडीनं आपल्या कपाळावर लावून घेतला.

या दिव्याला भाषा होती. होंडाच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत सीटखालच्या एका कपलरच्या दोन वायरी जोडल्या की तो ठरावीक लयीत उघडझाप करतो: लांब एक म्हणजे दहा, आखूड एक म्हणजे एक. सात आखूड झाले तर पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, आठ झाले तर थ्रॉटलचा. सुझुकीच्या मोठ्या गाड्यांत दोन टोकं जोडली की मीटरवरच आकडे उमटतात. सी००, म्हणजे तक्रार नाही. सी१२, क्रँकचा सेन्सर. सी२३, गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर. एका ग्राहकाच्या हायाबुसावर हे पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा आपल्या उस्तादांना हे दाखवायला हवं होतं, असं त्याच्या मनात आलं.

पुढची पायरी लॅपटॉपची. शोरूममधलं सॉफ्टवेअर नुसता आकडा देऊन थांबत नाही. बिघाड आत्ता चालू आहे की मागं कधी होऊन गेला, हे ते वेगळं दाखवतं. प्रत्येक सेन्सर या क्षणी किती व्होल्ट सांगतोय, ते धावत्या आकड्यांत दिसतं. पेट्रोल पंप, पंखा, इंजेक्टर एकेक करून हुकमानं चालवून बघता येतात. थ्रॉटल बदलल्यावर त्याचा शून्य नव्यानं शिकवता येतो. एवढी सोय हातात आली की माणूस पडद्यावरच विश्वास ठेवू लागतो, आणि जुन्या गाडीवर तिथंच फसगत होते.

पावसाळ्यात आलेली एक जुनी इंजेक्शनची गाडी त्याला अजून लख्ख आठवते. हँडल डावीकडं पूर्ण वळवलं की इंजिन बंद. पडद्यावर दोन कोड: थ्रॉटल सेन्सरचं व्होल्टेज कमी, हवेच्या दाबाच्या सेन्सरचं व्होल्टेज कमी. मालकानं दुसरीकडं थ्रॉटल सेन्सर आधीच नवा बसवून घेतला होता, फरक शून्य. मेकॅनिकनं धावते आकडे लावून ठेवले आणि पोऱ्याला हँडल फिरवायला सांगितलं. दोन्ही आकडे एकाच क्षणी कोसळले. दोन सेन्सर एकाच श्वासाला मरत नाहीत. मग दोघांत सामायिक काय? इंजिन सांभाळणाऱ्या ईसीएमकडून सेन्सरना जाणारी पाच व्होल्टची वायर. नकाशात बघितलं तर तिची तिसरी फांदी हेडलाइटमागच्या, गाडी पडल्याचं ओळखणाऱ्या सेन्सरकडं जात होती. त्याचा तर कोडही नव्हता. हँडल वळवलेलं ठेवून तिन्ही सेन्सरचे कपलर काढले तरी पाच व्होल्ट परत येईनात. म्हणजे सेन्सर तिघंही निर्दोष, दोष वायरीत. हँडलच्या नळीपाशी टेप कापली तेव्हा ती फांदी चासीला घासून उघडी पडलेली सापडली. तांबं हिरवं झालं होतं. सोल्डर, हीट श्रिंक, वळायला पुरेल एवढी ढील, आणि नवा एकही पार्ट न लावता गाडी सुरू.

सॉफ्टवेअर नसतं तर ते दोन आकडे एका क्षणी पडताना दिसले नसते. मीटर नसता तर तिसऱ्या फांदीपर्यंत पोचता आलं नसतं. कोड हा सर्किटचा पत्ता आहे, गुन्हेगाराचं नाव नव्हे, हे तो आपल्या पोरांना त्या गाडीच्या कापलेल्या वायरीचा तुकडा दाखवून सांगतो. उतरलेल्या बॅटरीवर स्टार्टर मारला, व्होल्टेज नऊच्या खाली गेलं, की काही ईसीएम भलतेच कोड साठवतात. म्हणून त्याच्याकडं बॅटरी पूर्ण भरल्याशिवाय लॅपटॉप जोडला जात नाही.

सगळ्यात जास्त जीव खातो तो या सॉफ्टवेअरपर्यंत पोचण्याचा खटाटोप. अधिकृत डीलरनं त्याला ते कधी दिलं नाही, आणि जिथं ते होतं तिथं वीस वर्षांची गाडी कुणाला नको होती. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४च्या आदेशात चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, तांत्रिक माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य आक्षेप होता. कंपन्या अपिलात गेल्या. प्रकरण चारचाकीचं होतं, पण त्याची बातमी त्यानं कापून ठेवली आहे. केंद्रानं डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे.

दरम्यान जगभरच्या गाडीवेड्यांनी आपली वाट काढली होती. बीएमडब्ल्यूच्या गोल दहा पिनांच्या सॉकेटला लागणारं जीएस-९११ हे साधन दक्षिण आफ्रिकेत तयार झालं. मोटो गुझ्झीसाठी गुझ्झीडायग, ट्रायम्फ आणि केटीएमसाठी ट्यूनईसीयू. यांतल्या पुष्कळ जुन्या गाड्या के-लाइन नावाच्या एकाच वायरीवरून सेकंदाला १०,४०० बिट या संथ गतीनं बोलतात. फोक्सवॅगनच्या मोटारींसाठी बनलेली स्वस्त केबल आणि योग्य जोडणी एवढ्यावर त्या बोलू लागतात. त्याच्या कपाटात एक जाडजूड लॅपटॉप विंडोज एक्सपीसकट जपून ठेवलेला आहे, कारण काही जुनी सॉफ्टवेअर नव्या मशिनवर उघडतच नाहीत. त्याच्या हार्ड डिस्कच्या दोन नकला त्यानं काढल्या आहेत.

इथं त्याचं म्हणणं ठाम आहे, आणि ते रास्तच आहे. आरटीओ पंधरा वर्षांनंतर तपासणी करून गाडीची नोंदणी पुढं वाढवते. म्हणजे कायदा मानतो की गाडी जगू शकते. मग मॉडेल बंद झाल्यावर त्याचं तपासणीचं सॉफ्टवेअर आणि वायरिंगचा नकाशा कंपनीनं सगळ्यांसाठी खुला का करू नये? तांबं, लोखंड, अॅल्युमिनियम चाळीस वर्षं टिकतं. १९९६मध्ये बंद झालेली आरएक्स १०० आजही नाना पेठेतल्या पार्टांवर पळते, कारण ती तपासायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागत नाही. पहिल्या इंजेक्शनच्या गाड्या तिच्याहून खूप तरुण आहेत, तरी एका फाइलीअभावी भंगारात जातात. १ एप्रिल २०२०पासून बीएस-सहा लागू झाल्यावर जवळजवळ प्रत्येक नवी दुचाकी इंजेक्शनची झाली. त्या म्हाताऱ्या होतील तेव्हा हा प्रश्न लाखो घरांच्या दारात उभा असेल.

त्याच्या गॅरेजात आता लॅपटॉप मुलगी हाताळते. तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय. परवा एका गाडीवर इंजिनाच्या पाण्याचं तापमान उणे चाळीस अंश दाखवत होतं, पुण्यात, भर मे महिन्यात. "बाबा, सेन्सर ऑर्डर करू?" तिनं विचारलं. त्यानं कपलर काढून त्याच्या दोन टोकांत वायरीचा तुकडा घालायला सांगितला. आकडा उणे चाळीसवरच राहिला. "म्हणजे वायर तुटलीय," ती म्हणाली आणि टेस्ट लॅम्प बाजूला ठेवून, कारण ईसीएमच्या वायरीत तो लावायचा नसतो, मल्टीमीटर घेऊन कपलरकडून ईसीएमच्या दिशेनं इंच इंच वर सरकू लागली.