माळवदावरची बादली

शिरड शहापुरात गल्लीतल्या जुन्या घराला आग लागली, तेव्हा मी बादली घेऊन माळवदावर चढलो होतो. "नीचे उतर!" अब्बा खालून ओरडले. मला रागच आला. अब्बा गवंडी. म्हणाले, तुळया खालून जळतायत, वर हातभर माती. पाणी ओतशील तसं ओझं वाढेल. थोड्याच वेळात माळवद खचलं.

९ मे २०१५ला मुंबईत काळबादेवीची गोकुळ निवास ही लाकडी सांगाड्याची जुनी इमारत आगीत कोसळली. अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा जीव गेला. अनुभवी माणसं ती! जळती तुळई किती वेळ तग धरेल, यावरच माणसं आत ठेवायची की बाहेर बोलवायची हे ठरतं.

आता वर्गात विचारतो, तुमच्या घराचं छत कशावर उभं आहे? निम्म्या मुलांना सांगता येत नाही.