गिरगाव चौपाटी आणि पंचांगातील सूर्यास्त

सात बेटे जोडून घडलेल्या मुंबईत सहकुटुंब निवांत बसण्याजोगा किनारा म्हणजे गिरगाव चौपाटी. आकुर्डीहून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलून लोकलने चर्नी रोडला उतरावे. रस्ता ओलांडला की वाळू लागते.

बहुतेक मंडळी सूर्यास्ताच्या वेळी येतात. चौविहार पाळणाऱ्या घराची अडचण होते ती येथेच. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. नातवंडांच्या हाती भेळ येते तेव्हा आजीची वेळ टळलेली असते आणि ती नुसतीच बसून राहते. म्हणून पाचपूर्वी पोहोचावे. शिवाय येथे सूर्य मलबार हिलच्या आड आधीच दिसेनासा होतो. तेव्हा वेळ पंचांगाचीच धरावी. ‘जैन भेळ’ म्हटले की कांदा, लसूण, बटाटा वगळला जातो. तरी चटणीची चौकशी केलेली बरी.

खाणे आटोपल्यावर मुलांना लोकमान्यांचा पुतळा दाखवावा. १ ऑगस्ट १९२० रोजी याच वाळूवर टिळकांना अग्नी दिला गेला. पाणी मात्र पोहण्याजोगे नाही. गणेशविसर्जनाच्या सुमारास उथळ पाण्यात पाकट मासे येतात आणि त्यांच्या शेपटीचा काटा विषारी असतो. त्या दिवसांत मुलांना पाण्यात पाऊलही टाकू देऊ नये.